पुलावरचा झोत: आडव्या वाऱ्यातल्या एका राइडचा प्रकरण अभ्यास

अपघात म्हणावा असं या राइडमध्ये काही घडलं नाही. एक कोपर खरचटलं, पुढच्या रिमवर चरा उठला आणि आमच्या गटातली एक चांगली सायकलस्वार पुढचे काही आठवडे पुलाचा विषय निघाला की गप्प बसू लागली. तरी हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण त्यावर गटात झालेली चर्चा जवळजवळ सगळी पुलावरच अडकली. हँडल घट्ट धरायला नको होतं, ब्रेक दाबायला नको होता, असली चाकं घ्यायलाच नको होती. यातलं बरंचसं खरं आहे. पण माझ्या मते पुलावर जे झालं ते तिथे पोहोचण्याच्या दोन तास आधीच ठरून गेलं होतं, आणि तेही तिला वारा अजिबात लागत नव्हता तेव्हा.

स्वार, सायकल, रस्ता

ती चौतिशीतली. वजन 54 किलो. सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंप असं सगळं धरून 65. नियमित चालवणारी, 60 किलोमीटर तिला नवे नाहीत. सायकल रोड बाइक, आणि नुकतीच हौसेने बसवलेली कार्बनची चाकं, पुढे-मागे दोन्हीकडे 50 मिलीमीटर खोल रिम, म्हणजे टायरपासून आतल्या बाजूला तेवढी रुंद कडी. हँडलवर वेग आणि हृदयाचे ठोके दाखवणारा छोटा कॉम्प्युटर होता. पायाची ताकद वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर नव्हता, त्यामुळे पुढे जे वॉटचे आकडे येतील ते मी नंतर गणिताने काढलेले आहेत.

रस्ता असा: वस्तीतून 8 किलोमीटर, मग नदीवरचा किलोमीटरभर लांबीचा उंच पूल, पूल उतरला की काटकोनात वळण आणि पुढे 21 किलोमीटर सरळ, सपाट, उघडा रस्ता. झाडं तुरळक. परत यायचं ते त्याच वाटेने. बेत होता 20 किलोमीटर जाऊन फिरायचा. ती 30 ला फिरली. का, ते पुढे येईलच.

त्या दिवशी वारा उघड्या रस्त्याच्या दिशेनेच वाहत होता. म्हणजे जाताना पाठीवर, येताना तोंडावर आणि पुलावर आडवा.

अंदाजात काय लिहिलं होतं

आदल्या रात्री तिने हवामान पाहिलं होतं. ऊन, पाऊस नाही, तापमान ठीक. वाऱ्याचा तक्ता त्याच पानावर खाली होता आणि तो स्पष्ट होता: सकाळी 7 वाजता ताशी 15 किलोमीटर, 10 वाजता 38, झोत 55 पर्यंत.

या तीन आकड्यांपैकी बहुतेक जण पहिला वाचतात, फार तर दुसरा. सायकलवाल्याच्या कामाचा आहे तिसरा. अंदाजातला वाऱ्याचा वेग ही साधारण 10 मिनिटांची सरासरी असते. झोत म्हणजे त्यातल्या काही सेकंदांचा कमाल वेग. सरासरी दमवते, झोत पाडतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 38 आणि 55 मधला फरक कागदावर दीडपटीहून कमी दिसला तरी अंगावर तो दुपटीहून जास्त येतो.

आणखी एक गोष्ट. अंदाजातला आकडा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. जमिनीलगत गवत, बांध, कुंपणं, घरं यांच्याशी घासून वारा मंदावतो, आणि उघड्या माळावर सायकलस्वाराच्या छातीच्या उंचीला त्याचा साधारण दोनतृतीयांश वेग उरतो. सकाळचे 15 म्हणजे अंगावर 10, दहाचे 38 म्हणजे अंगावर 25. पण ही सूट उंच पुलावर मिळत नाही. तिथे खाली पाणी, अडवायला काही नाही, आणि स्वार मुळातच वर आलेला. पुलावर तक्त्यातला आकडा जसाच्या तसा गृहीत धरावा.

सकाळी वारा कमी आणि ऊन चढल्यावर जास्त, हाही योगायोग नसतो. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन पडून राहते आणि वरचा जोरदार वारा वरच्या वर निघून जातो. ऊन तापलं की हवा खालीवर घुसळायला लागते आणि वरचा वेग खाली उतरतो. त्यामुळे मोकळ्या मैदानी रस्त्यावर सात वाजताचा वारा पाहून दहाचा ठरवता येत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळ तर दिशाही बदलू शकते.

तक्ता न पाहताही बरंच कळतं. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 मध्ये वाऱ्याची श्रेणी बांधली. तिची आजची जमिनीवरची खूण अशी: पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली की श्रेणी 5, म्हणजे ताशी 29 ते 38. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारा शिट्टी घालू लागल्या, छत्री आवरेना की श्रेणी 6. अख्खी झाडं हलताना दिसली आणि वाऱ्यात चालायलाच त्रास होऊ लागला की 7. तिने परत फिरताना आजूबाजूची झुडपं वाकलेली पाहिली होती. पण तिने त्यावरून काही ठरवलं नाही.

जाताना

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि चर्चेत याच्यावर कोणी पाच मिनिटंही घालवली नाहीत.

पाठीवरचा वारा जाणवत नाही. तुम्ही 33 ने जाताय आणि मागून 10 चा वारा आहे, तर चेहऱ्यावर 23 चीच हवा लागते. कानात आवाज कमी, पायाला हलकं, कॉम्प्युटरवर आकडा मोठा. माणूस या आकड्याचं श्रेय वाऱ्याला देत नाही, स्वतःला देतो. नव्या चाकांना देतो. तिने परत आल्यावर सांगितलं ते असं: “आज पाय असे फिरत होते ना, की वाटलं चाकांचे पैसे वसूल झाले.”

गणित मांडून पाहिलं. तिच्या वजनाला, हँडलवर हात ठेवून बसण्याच्या नेहमीच्या पद्धतीला आणि साध्या टायरना धरून, ती तासन्‌तास टिकवू शकते अशी ताकद सुमारे 100 वॉट. वारा नसताना तेवढ्यात ताशी साडेसव्वीस किलोमीटर निघतात. पाठीवर 10 चा वारा असेल तर 33. तिच्या कॉम्प्युटरने जाताना उघड्या रस्त्यावर दाखवलेला वेग जवळपास तेवढाच होता. म्हणजे पायात वेगळं काही नव्हतं, चाकांतही फारसं नाही. साडेसहा किलोमीटरचा फरक सगळा वाऱ्याचा.

आणि या उसन्या वेगाच्या भरवशावर तिने 20 ची राइड 30 ची केली. शिवाय टोकाला पोहोचल्यावर बरं वाटत होतं म्हणून निवांत पाऊण तास बसली. त्या पाऊण तासात वारा वाढत होता.

ओळखायची खूण एकच: नेहमीपेक्षा वेग जास्त आणि ठोके नेहमीइतकेच, तर थांबून तोंड मागे फिरवायचं. वारा तोंडावर आला की हिशेब लगेच लागतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

येताना

आता तोंडावर 25 चा वारा. त्याच 100 वॉटमध्ये वेग निघतो ताशी 14 किलोमीटर. जाताना जो 21 किलोमीटरचा रस्ता 38 मिनिटांत सरला तो आता दीड तासाचा. ‘जाताना मिळालं, येताना गेलं, हिशेब फिटला’ हा समज इथे उघडा पडतो. तो फिटत नाही. जाता-येता वारा सारखाच असता तरी फिटला नसता, कारण विरुद्ध वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता आणि हवेचा रोध वर्गाने वाढतो. इथे तर येतानाचा वारा अडीचपट होता.

14 चा आकडा कोणालाच सहन होत नाही. तिलाही झाला नाही. तिने रेटा लावून 18 धरला. वेगात फरक चारच किलोमीटरचा, पण त्याला लागतात सुमारे 150 वॉट. दीडपट ताकद, आणि पदरात पडतात वीस मिनिटं. तिचे ठोके नेहमीच्या 145 वरून 165 वर गेले आणि तासभर तिथेच राहिले. नोंद अजून आहे.

शर्यतीचं गणित जाणणारे इथे आक्षेप घेतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे: एकूण वेळ कमी करायचा असेल तर विरुद्ध वाऱ्यात थोडा जास्त जोर लावावा आणि पाठच्या वाऱ्यात थोडा वाचवावा. पण हे थोड्याच्या हिशेबात खरं आहे, दीडपटीच्या नाही; आणि ज्याला पुढे उंच पूल ओलांडायचा आहे त्याच्यासाठी तर मुळीच नाही.

तिने काय करायला हवं होतं? पहिलं म्हणजे वेगाचा आकडा झाकायचा आणि ठोक्यांवर किंवा श्वासावर चालवायचं. बोलता येईल इतपत दम राहिला पाहिजे. हलका गिअर घेऊन पाय भराभर फिरवायचे. जड गिअरमध्ये वाऱ्याशी कुस्ती खेळली की झोत आला की पाय अडकतो आणि गुडघे बोलू लागतात. अंतर मोजायचं नाही, वेळ मोजायची: आणखी अमुक किलोमीटर उरले हा विचार 14 च्या वेगात माणसाला खचवतो.

दुसरं, अंग लहान करायचं. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, कोपरं वाकवून आत, डोकं खांद्यांच्या रेषेत. तिच्या मापाला यातून 18 च्या वेगात साधारण 20 वॉट वाचले असते, फुकटात. ती हे करत नव्हती कारण तिच्या सायकलचे ड्रॉप तिला खोल वाटतात आणि तिथून ब्रेक नीट हाताला येत नाहीत. हा सायकल अंगाच्या मापाला बसवण्यातला दोष. ब्रेकची लिव्हर जवळ ओढून घेण्याचा स्क्रू फिरवला की निम्मा सुटतो. अंगावरचं जॅकेट उघडं होतं आणि फडफडत होतं. जॅकेटची चेन वर ओढायलाही कोणी सांगितलं नाही.

तिसरं, पाणी. विरुद्ध वाऱ्यात घाम आल्या आल्या वाळतो, त्यामुळे आला हेच कळत नाही. दोन्ही हात हँडलवर हवेत असं वाटत असल्याने बाटलीला हात जात नाही. पुलाशी पोहोचली तेव्हा दुसरी बाटली भरलेलीच होती. आडोसा दिसला की थांबून प्यायचं, एवढाच उपाय.

वाटेत गटातले दोघे मागून आले आणि ती त्यांच्या मागे लागली. दुसऱ्याच्या मागे राहिलं की हवेचा रोध बराच घटतो हे कोणीही सांगेल, पण तिला काही फरक वाटेना. कारण तोवर वारा जरा तिरका झाला होता, आणि तिरक्या वाऱ्यात आडोसा सरळ मागे नसतो, मागे-बाजूला सरकतो. शर्यतीत अशा वेळी स्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात, आणि रांगेत जागा न मिळालेले कडेला लागून तुटतात. 2013 च्या टूर द फ्रान्समधल्या 13 व्या टप्प्यात आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी घातलेला ख्रिस फ्रूम असाच मागे राहिला आणि सपाट रस्त्यावर प्रतिस्पर्धी कॉन्टाडोरला मिनिटाहून जास्त वेळ देऊन बसला. पण तो बंद केलेला रस्ता. वाहतुकीच्या रस्त्यावर तिरकी रांग म्हणजे कोणीतरी गाडीच्या वाटेत. शिवाय आडोसा शोधताना तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी जातं, आणि तो झोताने हातभर सरकला की आधी पडता तुम्ही. ती काही वेळाने त्या दोघांपासून सुटली. माझ्या मते बरंच झालं.

पूल

पुलाच्या तोंडाशी ती दहाच्या सुमारास आली. तासाभराहून जास्त रेटा, हात ताठरलेले, मान आखडलेली. वळण घेतल्यावर तोंडावरचा वारा गेला, आणि तिने सांगितलेला शब्द ‘सुटले’ असा होता.

पण आता वारा आडवा होता, रहदारीच्या बाजूने येणारा. ती वाऱ्याकडे जराशी कलून चालवू लागली. हे शिकवावं लागत नाही, शरीर आपोआप करतं. सरासरी वाऱ्यात तिच्यावरचा आडवा दाब ढोबळ हिशेबाने साडेतीन किलोच्या आसपास, आणि तो तोलायला सुमारे 3 अंशांचा कल. झोतात दाब सात किलोच्या वर आणि कल 6 अंशांहून जास्त. आकडे लहान वाटतात. मुद्दा कलण्याचा नाही, कल किती पटकन बदलावा लागतो याचा आहे.

साधारण एकतृतीयांश पूल सरल्यावर मागून एक लांब टँकर आला. पुढचे दोन-तीन सेकंद तिच्या शब्दांत आणि मग तंत्राने असे.

टँकरचं नाक शेजारी आलं तेव्हा त्याने पुढे ढकललेली हवा अंगावर आली आणि ती कठड्याकडे किंचित सरकली. लगेच टँकरचं लांब अंग वारा आणि तिच्या मध्ये आलं. वारा एकदम बंद. पण ती वाऱ्याकडे, म्हणजे आता टँकरकडे, कललेलीच होती. टेकू काढल्यावर माणूस जसा पुढे जातो तशी सायकल टँकरच्या बाजूला गेली. शिवाय धावत्या वाहनाच्या कडेची हवा आत ओढते ती वेगळीच. तिच्या अंदाजाने सायकल हातभर सरकली. ती घाबरली, तिने दोन्ही हात ताठ केले, पेडल थांबवलं आणि दोन्ही ब्रेक दाबले. तेवढ्यात टँकरचं शेपूट पुढे गेलं, आणि अडलेला वारा त्याच्या मागच्या घुसळलेल्या हवेसकट पुन्हा आदळला. “हँडल कोणीतरी हिसकावून घेतलं,” असं तिने सांगितलं. सायकल कठड्याकडे फेकली गेली, पुढचं चाक कडेच्या दगडाला घासलं, कोपर कठड्यावर. पाय टेकला म्हणून पडली नाही.

मग ती उतरली आणि उरलेला पूल चालत ओलांडला.

कशाचा दोष किती

चाकांपासून सुरुवात करतो, कारण तिथेच सगळ्यांचं बोट होतं. आडवा वारा दोन कामं करतो. अख्ख्या सायकलला बाजूला ढकलतो, आणि पुढच्या चाकाला वळवतो. पहिलं काम दोन्ही चाकांवर सारखंच होतं. दुसरं फक्त पुढच्या चाकावर, कारण तेच वळतं. रिम खोल असेल तर वाऱ्याला धरायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि हँडलला हिसका बसतो. मागचं खोल चाक त्या मानाने गरीब असतं. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत, पुढे संपूर्ण बंद डिस्क चाक चालत नाही पण मागे चालतं, ते यामुळेच. आणि हवाईतल्या कोना इथल्या आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेत, जिथला वारा कुप्रसिद्ध आहे, तिथे मागचंही चालत नाही. त्यामुळे 50 मिलीमीटरच्या पुढच्या चाकाने हिसका वाढवला हे मान्य. पण सकाळी त्याच चाकाने, त्याच पुलावर, आडव्याच वाऱ्यात ती काही न जाणवता गेली होती.

वजनाचाही वाटा आहे. 54 किलोचा स्वार आणि 80 किलोचा स्वार यांच्या अंगावर वारा धरायला मिळणाऱ्या जागेत फरक थोडा असतो, वजनात खूप. हलक्याला जास्त कलावं लागतं आणि तो लवकर उडतो. मात्र वजनदार किंवा निष्णात माणूस सुरक्षित असतो असं नाही. 29 मार्च 2015 च्या बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम सायकल शर्यतीत वाऱ्याने व्यावसायिक स्वारांना रस्त्यावरून उचलून कडेला टाकलं. गेरेंट थॉमस त्यातलाच एक. तो उठून पुन्हा सायकलवर बसला आणि तिसरा आला. जिंकला लुका पाओलिनी. शर्यत पूर्ण करणारे फक्त 39.

हात ताठ केले, ही मात्र मोठी चूक. हात ताठ असले की अंगाला बसलेला प्रत्येक धक्का हँडलपर्यंत जातो, आणि हँडलला बसलेला अंगापर्यंत. कोपरं वाकलेली, पकड सैल पण बोटं गुंडाळलेली असतील तर हँडल थोडं हलतं आणि सायकल स्वतःला सावरते. पेडल थांबवणं दुसरी चूक. पायाला हलकासा जोर चालू असेल तर कंबर आणि मांड्या सायकलवर ताबा ठेवतात. पाय थांबले की सगळा भार हातांवर येतो. पुढचा ब्रेक झोतातच दाबणं तिसरी, कारण टायरची पकड आधीच बाजूचा दाब झेलण्यात गुंतलेली असते.

पण हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. गटाच्या सरावात तिने हे करूनही दाखवलं आहे. तासभर 165 ठोक्यांवर राहिल्यावर, पाणी न पिता, आखडलेल्या खांद्यांनी ते झालं नाही, एवढंच. म्हणून मी पुन्हा जाण्याच्या रस्त्याकडे बोट दाखवतो. 20 ला फिरली असती, किंवा टोकाला पाऊण तास बसली नसती, तर पुलावर ती ताज्या हातांनी आणि निदान पाऊण तास आधी, कमी वाऱ्यात आली असती. टँकर तेव्हाही आला असता.

गटातल्या एका ज्येष्ठ काकांचं ठाम म्हणणं होतं की आडव्या वाऱ्यात वेग वाढवायचा, मग सायकल स्थिर होते. अर्धं खरं आहे. फार हळू चालणारी सायकल डगमगते, थोडा वेग आला की ती सरळ राहायला लागते. पण त्यापुढे वेग वाढवला तर अंगावर येणारा एकूण वारा वाढतो, बाजूचा दाब वाढतो आणि सावरायला वेळ कमी मिळतो. उतारावर हे सगळ्यात वाईट. स्थिर, मध्यम वेग, पायाला जोर आणि नजर लांब, हे मला जास्त पटतं.

जागेचा मुद्दा कोणी काढला नाही, तो मी इथे घालतो. ती कठड्याला चिकटून चालवत होती, गाड्यांना वाट द्यावी म्हणून. वारा ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला सरकायला जागा हवी. ती तिने स्वतःच संपवली होती. कडेपासून हात-दीड हात आत चालवलं तर मागचा चालकही ओलांडताना जास्त अंतर ठेवतो. आणि विरुद्ध किंवा आडव्या वाऱ्यात कानात एवढी घोंघों असते की मागची गाडी ऐकूच येत नाही. तिला टँकर दिसला तो शेजारी आल्यावर. हँडलला छोटा आरसा असता तर तिला आधी कळलं असतं, आणि मग काय होणार हे ठाऊक असतं: आधी ढकल, मग वारा बंद, मग फटका. क्रम ठाऊक असेल तर शरीर घाबरत नाही. हाच क्रम भिंत संपते तिथे, झाडांची रांग तुटते तिथे, दोन इमारतींच्या फटीशी आणि पुलाच्या तोंडाशी असतो. फक्त टँकरची वाट पाहावी लागत नाही.

उतरून चालत जाण्यावरून काही जण हसले. मला तो त्या दिवसातला तिचा सर्वांत चांगला निर्णय वाटतो. चालतानाही सायकल वाऱ्यात उचलली जाते, ती हलकी असते. एक हात हँडलला, एक सीटला, एवढी काळजी पुरते.

नंतर

काही आठवड्यांनी अंदाज पुन्हा तसाच आला, थोडा सौम्य: दहा वाजता 30, झोत 45. या वेळी ती बाहेर पडली ती वस्तीच्या दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने, वाऱ्याच्या तोंडावर. परत फिरायचं ते अंतर पाहून नाही, घड्याळ पाहून. जाताना सव्वा तास 17 च्या वेगाने कुरकुरत गेली आणि येताना तेच अंतर पाठच्या वाऱ्याने जवळपास निम्म्या वेळात कापलं. दमणूक सुरुवातीला, ताजेपणी. आणि वारा वाढत गेला तो तिच्या फायद्याचा. एकूण सरासरी वेग लाजिरवाणा आला, असं तिने स्वतःच गटात लिहिलं. नेदरलँड्समध्ये समुद्राच्या बांधावर विरुद्ध वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते, बिनगिअरच्या सरळ बसायच्या सायकलींवर, आणि वारा किमान श्रेणी 7 चा असल्याशिवाय ती भरवतच नाहीत. तिथला व्हिडिओ कोणीतरी उत्तरादाखल टाकला. आठ-साडेआठ किलोमीटरसाठी लोक तोंड वेडंवाकडं करून झुंजत असलेले पाहून तिचं समाधान झालं असावं.

पूल तिने पुन्हा केला तो पहाटे, वारा पडलेला असताना, आणि मग हळूहळू उशिरा. पुढचं चाक जुनंच साधं अॅल्युमिनियमचं बसवलं आहे, कमी खोलीच्या रिमचं. मागचं 50 मिलीमीटरचं ठेवलं आहे. चाकांचे पैसे निम्मे तरी वसूल व्हायला हवेत. आरसा लावला. लिव्हर जवळ आणून घेतल्यापासून ड्रॉपवर हात जातात. एका सकाळी तिच्या शेजारून मोठी गाडी गेली तेव्हा मी मागे होतो: सायकल वीतभर आत आली, वीतभर बाहेर गेली, पाय फिरत राहिले.

गटाच्या आदल्या रात्रीच्या निरोपात आता तापमानाच्या जोडीला तासागणिक वाऱ्याची दिशा आणि झोताचा आकडा जातो. झोत 50 च्या वर असेल तर पुलाची राइड रद्द. काकांच्या मते ही मर्यादा फारच भित्री आहे. ती 54 किलोच्या स्वाराला धरून ठरवली आहे, त्यांच्या 80 किलोंना धरून नाही, असं त्यांना सांगून झालं. त्यांना ते अजून पटलेलं नाही.